स्तनाच्या कॅन्सरमध्ये मायक्रोआरएनए नक्की काय करतो, आणि तो रक्तात मोजून कॅन्सर आधीच कळतो का?

तुम्ही लिहिलंय की मावशींना ब्रेस्ट कॅन्सर निघाला, मग तुम्ही नेटवर वाचत सुटलात आणि कुठेतरी सापडलं की मिर-२१ नावाचा छोटा आरएनए वाढला की कॅन्सर होतो, रक्तात तो मोजला की आधीच कळतं, तर स्वतःची टेस्ट करून घेऊ का. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, पण काही वर्षं लॅबमध्ये हेच छोटे आरएनए मोजण्यात घालवलीत, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी हा प्राणी काय ते बघू. डीएनएवरून मेसेंजर आरएनए बनतो आणि त्याच्यावरून प्रोटीन, एवढं शाळेत झालेलं असतं. मायक्रोआरएनए म्हणजे साधारण २२ अक्षरांचा तुकडा, त्याच्यावरून प्रोटीन बिटीन काही बनत नाही. तो आरगोनॉट नावाच्या प्रोटीनच्या खोबणीत बसतो आणि ज्या मेसेंजरच्या शेपटाकडे त्याला जुळणारी अक्षरं सापडतील तिथे चिकटतो, मग तो मेसेंजर लवकर तुटतो किंवा त्याच्यावरून प्रोटीन कमी बनतं. आता गंमत अशी की सगळी २२ जुळावी लागत नाहीत, सुरुवातीची दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची जुळली तरी बहुतेकदा काम होतं, त्यामुळे एकच मायक्रोआरएनए शेकडो जीनच्या मेसेंजरवर बसू शकतो आणि एकाच जीनवर दहा वेगवेगळे येऊन बसू शकतात. आणि प्रत्येक ठिकाणी परिणाम मोठा नसतो. पंख्याचा रेग्युलेटर समजा, बटण नाही. पंखा बंद होत नाही, पाचवरून चारवर येतो.

शोध लागला १९९३मध्ये, एका मिलिमीटरभर लांबीच्या किड्यात, व्हिक्टर अँब्रॉस आणि गॅरी रवकुन यांच्या लॅबमध्ये. पुढची सात वर्षं बहुतेकांना वाटत होतं की ही त्या किड्याचीच काहीतरी खोड असणार, मग २०००मध्ये लेट-७ नावाचा दुसरा मायक्रोआरएनए सापडला आणि तो माणसातही जसाच्या तसा निघाला. नोबेल मिळालं थेट २०२४ला.

कॅन्सरशी पहिला पक्का धागा २००२मध्ये एका प्रकारच्या ब्लड कॅन्सरमध्ये लागला, आणि स्तनाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास आला २००५मध्ये, कार्लो क्रोचे यांच्या गटाचा. त्यांनी गाठीतला आणि निरोगी स्तनातला आरएनए शेजारी ठेवून बघितला तर मिर-२१ आणि मिर-१५५ वाढलेले, मिर-१२५बी, मिर-१४५ आणि मिर-१०बी कमी झालेले. तुम्ही वाचलंत त्याचं मूळ इथे आहे. मिर-२१ हा पीटेन आणि पीडीसीडी४ अशा जीनना दाबतो, ही दोन्ही पेशीला आवरून धरणारी जीन, ती दबली की पेशी वाढायला आणि तगून राहायला मोकळी. पण म्हणून "वाढला की कॅन्सर होतो" असं नाही हो. मिर-२१ जखम भरताना वाढतो, सूज असली की वाढतो, हृदयाच्या काही आजारांत वाढतो, इतर कितीतरी अवयवांच्या कॅन्सरमध्येही वाढतो. तो वाढला म्हणजे कुठेतरी काहीतरी चाललंय एवढंच कळतं, कुठे आणि काय ते नाही.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग, मिर-१०बी. वर म्हटलं बघा की तो गाठीत कमी झालेला दिसला. मग २००७मध्ये रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या लॅबने दाखवलं की स्तनाच्या कॅन्सरच्या ज्या पेशी दुसरीकडे पसरतात त्यांच्यात हाच मिर-१०बी भरपूर असतो, ट्विस्ट नावाचं प्रोटीन त्याला चालू करतं, तो एचओएक्सडी१० नावाच्या जीनला दाबतो, त्याने आरएचओसी नावाचं जीन सुटतं आणि पेशी हलायला लागते. म्हणजे एकाच मायक्रोआरएनएबद्दल एक पेपर म्हणतो कमी, दुसरा म्हणतो जास्त, आणि दोघंही बरोबर, कारण एकाने अख्खी गाठ बघितली आणि दुसऱ्याने पसरणाऱ्या पेशी. पुढे उंदरांमध्ये मिर-१०बी अडवून बघितला तर फुप्फुसातला फैलाव घटला, पण मूळ गाठ होती तशी वाढत राहिली! मिर-२०० कुटुंबाचं तर याहून वाकडं. ते झेब१ आणि झेब२ या जीनना दाबून पेशींना एकमेकींना धरून ठेवतं, म्हणजे पसरू देत नाही, म्हणून सुरुवातीला सगळ्यांना ते चांगलं वाटलं, पण एकदा पेशी लांब कुठे जाऊन पडली की तिथे बस्तान बसवायला हेच कुटुंब तिला मदत करतं असंही उंदरांमध्ये दिसलं. तेव्हापासून "चांगला मायक्रोआरएनए, वाईट मायक्रोआरएनए" अशी टेबलं दिसली की मी पानच उलटते.

मावशींच्या उपचाराशी जवळचं म्हणाल तर मिर-२२१ आणि मिर-२२२. इस्ट्रोजेन हॉर्मोन पकडणारं प्रोटीन, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, बनवणाऱ्या मेसेंजरवर आणि पेशीच्या वाढीला ब्रेक लावणाऱ्या पी२७च्या मेसेंजरवर हे बसतात, लॅबमधल्या पेशींत हे वाढवले की टॅमॉक्सिफेन या इस्ट्रोजेन अडवणाऱ्या औषधाला दाद कमी मिळते. पण यावरून कुणाचं औषध बदलत नाहीत.

आता रक्ताची टेस्ट. मायक्रोआरएनए रक्तात टिकतो हे खरं आहे, प्रोटीनला चिकटून किंवा छोट्या पुड्यांमध्ये गुंडाळलेला असतो म्हणून लगेच नासत नाही, त्यामुळे २००८च्या आसपास सगळ्यांच्या उड्या पडल्या. आमच्याही. आमच्याकडे एका खेपेला पेशंट आणि निरोगी असे दोन गट इतके सुरेख वेगळे दिसले की आम्ही मनातल्या मनात पेपरचं नावसुद्धा ठरवून टाकलं, मग कुणाच्या तरी लक्षात आलं की एका गटाच्या नळ्यांमधला प्लाझ्मा जरा गुलाबी आहे. म्हणजे रक्त काढताना किंवा नळ्या ताटकळत राहिल्यामुळे लाल पेशी फुटल्या होत्या. लाल पेशींत मिर-४५१ आणि मिर-१६ ठासून भरलेले असतात, आणि तेव्हा बरेच लोक मिर-१६लाच माप धरून बाकीचे आकडे काढायचे, आम्हीपण त्यातलेच, म्हणजे फूटपट्टीच लांब झाली तर कापड आखूडच भरणार ना. चार महिन्यांचं काम गेलं. चूक आमचीच होती, पण वेगवेगळ्या लॅबच्या यादीत वेगवेगळे मायक्रोआरएनए का येतात हे त्या दिवशी नीट समजलं. नळी कुठली, रक्त गरगर फिरवून पेशी वेगळ्या करायचं काम (सेंट्रिफ्यूज) किती वेळात केलं, सकाळी उपाशीपोटी घेतलं की नाही, सगळ्याने आकडा हलतो. म्हणून अजूनतरी अशा टेस्टवर विसंबून मॅमोग्राफी टाळणं मला धोक्याचं वाटतं, उलटा रिपोर्ट आला तर उगाच झोप उडेल आणि चांगला आला तर खोटा दिलासा.

औषधाचं थोडक्यात. गाठीला आवरणारा मिर-३४ए चरबीच्या पुड्यांमध्ये भरून माणसांना द्यायची चाचणी २०१३ला सुरू झाली, वेगवेगळ्या कॅन्सरच्या पेशंटवर, आणि पेशंटच्या इम्युन सिस्टिमने गंभीर उलटी प्रतिक्रिया दिल्यामुळे २०१६ला थांबवावी लागली. छोट्या आरएनएचं औषध अशक्य आहे असं नाही, पॅटिसिरन नावाचं असं एक औषध २०१८ला मंजूर झालं, पण ते लिव्हरमध्ये काम करतं, आणि लिव्हर रक्तातलं असलं सामान आपणहून ओढून घेतं. स्तनातल्या गाठीपर्यंत, आणि फक्त तिथेच, पोचवणं हे खरं दुखणं आहे.

तर तुमच्यापुरतं: ती टेस्ट राहू द्या. निदान झालं तेव्हा मावशींचं वय कमी होतं का, आईकडच्या नात्यात आणखी कुणाला स्तनाचा किंवा ओव्हरीचा कॅन्सर झालाय का, हे घरी विचारा, आणि तसं असेल तर त्यांच्या डॉक्टरांना बीआरसीए टेस्टबद्दल (घराण्यातून येणारा जीनमधला दोष बघायची टेस्ट) विचारा, ती शक्यतो आधी मावशींचीच करतात, तुमची नंतर. तुम्हाला स्वतःला गाठ किंवा काही बदल जाणवला तर रक्त कशाला, सरळ डॉक्टरांना दाखवा. आणि मावशींच्या बायोप्सी रिपोर्टमध्ये ईआर, पीआर (दोन हॉर्मोनचे रिसेप्टर) आणि हर-२ (पेशीवरचं एक प्रोटीन) असे तीन शब्द असतील, सध्याचे उपचार बरेचसे त्यावर ठरतात. ते कळत नसेल तर नाव-गाव न टाकता तेवढ्या तीन ओळी इथे लिहा, अर्थ सांगते.