कॅबिनेटला भोक पाडण्याआधी हवेची वाट बघा (इंदूरचा उन्हाळा आणि घरचा कॉम्प्युटर)

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लोकमान्य नगरात गच्चीखालच्या खोलीत लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करता. मशीनमध्ये रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. कॅबिनेटला पुढे काच, डावीकडे काच, पुढच्या काचेमागे तीन पंखे, मागे एक. दुपारी मोठा रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं) लावला की खोलीत ३८ अंश, प्रोसेसर ८८, कार्ड ८३, आणि पंख्यांचा आवाज शेजारच्या खोलीत. म्हणून डाव्या बाजूला ड्रिलने भोकं पाडून आणखी दोन पंखे लावायचे, की वॉटर कूलिंग घ्यायचं, की खोलीतल्या कूलरचं तोंडच कॅबिनेटकडे वळवायचं?

ड्रिल आधी कपाटात ठेवा. डाव्या बाजूची काच टफन्ड (तापवून कडक केलेली) असते. तिला भोक पाडायचं तर ते टफन करण्याआधी कारखान्यातच पाडतात. नंतर बिट टेकवलं की अख्खी काच क्षणात खड्यांएवढ्या तुकड्यांत खाली येते, मग बिट डायमंडचं असो की पाणी सोडत हळूहळू केलेलं असो. उजवीकडे पत्रा आहे, तिथे भोक पडेल, पण त्याच्यामागे मदरबोर्डची पाठ आणि वायरींचा गुंता. तिथे पंखा लावून कार्डाला काहीही मिळत नाही.

आता आकड्यांकडे बघू. ५६०० ची कंपनीने दिलेली हद्द ९० आहे, ३०६० ची ९३. त्या हद्दीला पोचले की दोघंही आपणहून वेग कमी करतात. म्हणजे आग लागणार नाही, पण प्रोसेसर अगदी काठावर बसलाय आणि रेंडरचा वेळ त्यातच वाढतोय. या मोजमापात नुसता ८८ लिहून ठेवू नका, त्यातून खोलीचं तापमान वजा करा. ८८ उणे ३८ म्हणजे ५०. हेच मशीन जानेवारीत २२ च्या खोलीत साधारण ७२ दाखवेल आणि तुम्हाला वाटेल सगळं झकास आहे. ५० हा आकडा कमी करणं हे तुमचं काम. ३८ हा गच्चीचा आणि सूर्याचा मामला. आणि एक काळजी घ्या: बदलाच्या आधीचं माप दुपारी तीनला आणि नंतरचं रात्री अकराला घेऊ नका. माळव्याची रात्र इतकी उतरते की तिचं श्रेय नव्या पंख्याला जाईल. एकच रेंडर, अर्धा तास, खोलीत साधा थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला ठेवून.

हे माप घेतलं की डावी काच काढून बाजूला (उशीवर किंवा गादीवर, फरशीवर कडेने टेकवू नका) ठेवा आणि तोच रेंडर परत लावा. कार्ड सात-आठ अंशांनी किंवा जास्त उतरलं तर कॅबिनेट गुदमरतंय, आणि खालचं सगळं तुमच्यासाठी आहे. एक-दोन अंशच फरक पडला तर कॅबिनेट निर्दोष आहे. कार्डाच्या पंख्यांत धूळ भरलीय किंवा चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलीय. मग कापाकापी करण्यात अर्थ नाही, पेस्ट बदला.

माझा अंदाज, तुमचं कार्ड भरपूर उतरेल. कारण तुम्ही लिहिलंय की पुढच्या काचेच्या उजव्या कडेला बोटभर फट आहे आणि बाकी सगळं बंद. हिशोब करून बघा. १२० मिलिमीटरच्या पंख्याची मधली टोपी सोडली तर हवा जायला जवळपास १०० चौरस सेंटिमीटर जागा उरते. तीन पंख्यांची ३०० झाली. तुमची फट दीड सेंटिमीटर रुंद, चाळीस उंच: ६० चौरस सेंटिमीटर. तिन्ही पंखे मिळून त्या फटीतून श्वास घेतायत. इथे चौथा, पाचवा पंखा लावाल तर तोही त्याच फटीवर भांडेल. तुमच्याकडे पंखे कमी नाहीत, वाट कमी आहे.

किती हवा लागते याचाही एक सोपा हिशोब आहे. मशीन जितके वॉट खातं तेवढी उष्णता बाहेर काढायची असते. तुमचा प्रोसेसर भरात असताना ७६ वॉट, कार्ड १७०, बाकी मिळून २८० धरा. वॉटला १.७६ ने गुणायचं आणि आतली हवा खोलीपेक्षा किती अंश गरम चालेल त्याने भागायचं, म्हणजे दर मिनिटाला किती घनफूट हवा हवी ते येतं. १० अंश चालणार असतील तर ५० घनफूट. ५ अंशच हवे असतील तर १००. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, हवा थोडी विरळ, म्हणून पाच-सहा टक्के जास्त धरा. पंख्याच्या खोक्यावर ६० लिहिलेलं असतं, पण ते मोकळ्या हवेतलं. पुढे फिल्टर, जाळी आणि काच आली की निम्मं हाती लागलं तरी नशीब. तरीही तीन पंख्यांत ५० घनफूट आरामात निघतात, वाट मोकळी असेल तर. आणि १० वरून ५ अंशांवर यायला हवा दुप्पट लागते, हे लक्षात घेतलं की पंख्यांवर पंखे रचायचा मोह आपोआप जातो.

पण कॅबिनेटला हात लावण्याआधी टेबल बघा. तुमचं कॉम्प्युटर टेबल नेहमीच्या घडणीचं असेल, तर सीपीयूच्या खणाला तीन बाजूंनी फळ्या असतात आणि मागे हार्डबोर्ड. एक उदबत्ती लावा आणि रेंडर चालू असताना कॅबिनेटच्या मागच्या पंख्याजवळ धरा. (राख मागेच पडू द्या, पुढच्या पंख्यांजवळ नको.) धूर हार्डबोर्डवर आपटून वर चढेल, वरच्या फळीखालून पुढे सरकेल आणि काचेच्या फटीत परत शिरेल. ती गरम हवाच तुमचं मशीन पुन्हा पुन्हा ओढतंय. म्हणून पहिला कट टेबलाला: जिगसॉने मागचा हार्डबोर्ड पूर्ण काढून टाका, टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. त्याहून सोपं म्हणजे कॅबिनेट खणातून काढून चार इंच उंच स्टुलावर ठेवा. पॉवर सप्लायचा पंखा खाली तोंड करून असेल तर सतरंजीवर किंवा गालिच्यावर ठेवू नका.

मग पुढची काच. दोन प्रकार असतात. काच चार कोपऱ्यांत स्क्रूने बसवलेली असेल तर काम पाच मिनिटांचं: स्क्रू काढून त्याच आट्यांचे, पण दोन सेंटिमीटरने जास्त लांब स्क्रू आणि मधे तेवढ्याच उंचीचे पितळी किंवा नायलॉनचे स्पेसर (पोकळ नळकांडी). सियागंजात हार्डवेअरच्या दुकानात जुना स्क्रू दाखवा, जोडीचा मिळतो. काच दोन सेंटिमीटर पुढे आली की चारही बाजूंनी मिळून २४० चौरस सेंटिमीटर वाट झाली. ६० वरून २४०, आणि दिसायला तसंच, उद्या नको वाटलं तर पूर्ववत. काच प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटवलेली असेल तर पूर्ण चौकट खालून धरून ओढा, खटके सुटतात. ती माळ्यावर टाका आणि जागी छिद्रांचा पत्रा लावा. छिद्रं मोठी आणि पातळ पट्ट्यांची घ्या. पत्र्याचा निम्म्याहून जास्त भाग मोकळा असला पाहिजे, उजेडासमोर धरला की लगेच कळतं.

वाट उघडली की धूळ येणार. आपलं शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं असेल, पण काळ्या मातीची मे महिन्यातली बारीक धूळ सर्वेक्षणात भाग घेत नाही. नायलॉनच्या जुन्या मच्छरदाणीचा तुकडा पुढच्या तिन्ही पंख्यांवर येईल एवढा कापा. कडांना लावायला लोहचुंबकाची पट्टी विकत घेऊ नका: फ्रिज दुरुस्तीवाल्याकडे दाराचं जुनं रबरी गॅस्केट पडलेलं असतं, त्याला ब्लेडने चीर दिली की आत लांबच लांब चुंबकी पट्टी निघते. जाळीच्या कडा पट्टीवर दुमडून शिवा किंवा चिकटवा. पंख्यांच्या पुढे कॅबिनेटचा पत्रा असतो, त्याला ही चौकट चटकन बसते आणि आठवड्याने काढून नळाखाली धुता येते. उन्हाळ्यात आठवड्यानेच धुवा. महिनाभर राहिलेली जाळी म्हणजे परत तीच काच. पुढून आत येणारी हवा मागून जाणाऱ्या हवेपेक्षा जास्त ठेवा, म्हणजे इतर फटींतून हवा बाहेर ढकलली जाते आणि धूळ जाळीतूनच यायला बघते. तुमचे पुढचे तीन आणि मागचा एक पंखा त्याला योग्य आहेत. वर, पुढच्या टोकाला बाहेर फेकणारा पंखा लावू नका. तो आत्ताच आलेली थंड हवा प्रोसेसरपर्यंत पोचण्याआधी पळवतो.

कापायची हौस असेलच, तर ती मागच्या पंख्याच्या जाळीवर भागवा. तिथे पत्र्यातच ठोकून काढलेली षटकोनी छिद्रं असतात, त्यावर हवा आपटून शिट्टीसारखा आवाज येतो. आतून मदरबोर्डसकट सगळं बाहेर काढा. सगळं म्हणजे सगळं. लोखंडाचा कीस बोर्डावर दोन पायांच्या मधे बसला तर शॉर्ट झालाच. पत्रा पातळ असतो, पत्रा कापायच्या कात्रीने षटकोन एकेक करून तुटतात. कडा कानस मारून बोटाला लागणार नाही इतपत गुळगुळीत करा, प्रायमरचा हात द्या (पावसाळ्यात उघडा पत्रा गंजतो), यू आकाराची रबरी पट्टी बसवा आणि वरून तारेची गोल जाळी लावा. ही जाळी हवी, मुलांची बोटं जातात. नवीन जागी गोल काढायचाच झाला तर १२० च्या पंख्याला ११४ मिलिमीटरचा होल सॉ लागतो आणि स्क्रूची भोकं मध्यापासून मध्यापर्यंत १०५ मिलिमीटरवर येतात. मास्किंग टेप लावून त्यावर आखा, पंचने खूण ठोका, मगच ड्रिल.

बाजूच्या पंख्याचा तुमचा विचार पूर्ण चुकीचा नाही. कार्डासमोर थेट हवा मिळाली तर कार्ड उतरतं. पण त्यासाठी काच बदला: ट्रॉफी आणि नेमप्लेट करणारे तीन-चार मिलिमीटरची अ‍ॅक्रिलिक शीट लेझरने गोल आणि स्क्रूच्या भोकांसकट कापून देतात. जुनी काच माप म्हणून घेऊन जा. पुढचं उघडल्यावरही कार्ड ७५ च्या खाली येत नसेल तरच हे करा.

खोलीतल्या कूलरबद्दल. खोली एक अंशाने उतरली की आतलं सगळं जवळपास एक अंशाने उतरतं. कूलरने ३८ चे ३१ केले तर ते सात अंश कुठलंही भोक देणार नाही. तेव्हा कूलर चालवाच, समोरची खिडकी उघडी ठेवून. पण त्याचं तोंड कॅबिनेटकडे नको. मेच्या कोरड्या हवेत ओलाव्याची भीती नसते, गरम भागांवर दव धरत नाही; भीती थेंबांची असते. वाळ्याच्या ताट्या किंवा मधाच्या पोळ्यासारखे पॅड जुने झाले की बारीक तुषार उडतात, आणि बोअरचं पाणी असेल तर क्षार पंख्यांवर पांढरे धरतात. कूलरचा झोत खोलीच्या मधे, कॅबिनेट कडेला. पाऊस सुरू झाला की कूलर बंद. तेव्हा तो गारवा देत नाही, फक्त आतली धूळ दमट करतो.

वॉटर कूलिंगवर पैसे घालू नका. ७६ वॉटच्या प्रोसेसरला जेल रोडवर किंवा सिल्व्हर मॉलमध्ये मिळणारा साधा उभा टॉवर कूलर पुष्कळ झाला. पाणी उष्णता फक्त वाहून नेतं, शेवटी ती त्याच ३८ च्या हवेत सोडायची असते. शिवाय त्याचा रेडिएटर (पाण्यातली उष्णता हवेत सोडणारा भाग) पुढे बसवला तर कार्डाला मिळणारी हवा आणखी गरम. सियागंजात इन्व्हर्टर आणि स्टॅबिलायझरच्या पेट्यांसाठी २३० व्होल्टचे धातूच्या चौकटीचे चौकोनी पंखे मिळतात, कोणीतरी ते सुचवेलच. हवा फेकतात भरपूर, पण उघडे टर्मिनल घरच्या कॅबिनेटमध्ये नकोत. १२ व्होल्टचेच लावा, आणि मदरबोर्डच्या एका पिनजोडावर सगळे मिळून एक अँपिअरच्या वर जाऊ देऊ नका.

आवाज पंख्यांच्या संख्येने कमी वाढतो, वेगाने जास्त. एकाचे तसेच दोन पंखे केले की तीन डेसिबल. पण वेग वीस टक्के कमी केला की जवळपास पाच डेसिबल उतरतात. वाट मोकळी झाल्यावर हे परवडतं. आफ्टरबर्नर नावाच्या प्रोग्रॅममध्ये कार्डाची पॉवर ८० टक्क्यांवर आणली तर १७० चे १३६ वॉट होतात, रेंडरला किंचित वेळ जास्त लागतो. लग्नसराईत घाई नसलेल्या फाइली तशाच रात्री लावा. राहिली एक गोष्ट जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही: बोर्डाला जोडलेले पंखे सहसा प्रोसेसरचं तापमान बघून वेग ठरवतात. तुमचा रेंडर कार्डावर चालला असेल आणि प्रोसेसर निवांत असेल तर पुढचे पंखे झोपा काढतात आणि कार्ड एकटं तापतं. फॅनकंट्रोल नावाचा फुकट प्रोग्रॅम घ्या, पुढच्या तिन्ही पंख्यांना कार्डाच्या सेन्सरवर लावा, ५० अंशांपर्यंत हळू, ७५ ला पूर्ण.