मॉरिशसची खरुची (केस्ट्रेल, एक छोटा शिकारी पक्षी) कशी दिसते? आपल्याकडच्या खरुचीपेक्षा वेगळी असते का?

हो, बरीच वेगळी. हिवाळ्यात साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर गेलात तर आपली खरुची बघा. वाऱ्याकडे तोंड करून हवेत एकाच जागी फडफडत असते, शेपटी पंख्यासारखी उघडलेली, सगळं अंग हलतं पण डोकं खिळ्याने ठोकल्यासारखं स्थिर. नजर खाली गवतात.

मॉरिशसची खरुची असं क्वचितच करते. ती मूळची दाट जंगलातली, त्यामुळे पंख आखूड आणि गोलसर, आपल्या शिक्रा या शिकारी पक्ष्याची आठवण यावी असे. फांद्यांमधून झपकन वळत ती झाडावरच्या हिरव्यागार पाली उचलते. तेच तिचं मुख्य खाणं; शिवाय चतुर, नाकतोडे, लहान पक्षी.

आकाराने पारव्यापेक्षा लहान. पाठ तांबूस तपकिरी, वर काळ्या खुणा. पोट पांढरं, त्यावर काळे ठिपके. आपल्या खरुचीच्या नराचं डोकं राखाडी असतं, तिकडे मात्र नर-मादी सारखेच दिसतात. घरटं विणत नाही, कड्याच्या कपारीत अंडी घालते.

जंगलतोड, डीडीटी हे कीटकनाशक आणि बाहेरून आणलेली मुंगसं-मांजरं यांमुळे १९७४ मध्ये जंगलात फक्त ४ पक्षी उरल्याची नोंद होती. चार! जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडी कृत्रिमरीत्या उबवून, पिल्लं वाढवून जंगलात सोडली, म्हणून आज ती शेकड्यांत आहे. २०२२ पासून ती मॉरिशसचा राष्ट्रीय पक्षी आहे.