तिसऱ्यांदा परत आलेला निबंध

प्रश्न : ताई, मी लालबागला राहते. तृतीय वर्षाला इतिहास घेतला आहे. आमच्या सेमिनारमध्ये दर आठवड्याला दोन पानं लिहावी लागतात आणि शेवटी 15 पानांचा निबंध. मी 1896 चा मुंबईतला प्लेग निवडला. मसुदा तीनदा परत आला. ‘साथरोग कायद्याच्या जाचामुळे गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला’ या वाक्याभोवती मॅडमनी गोल काढून नुसतं ‘तारखा?’ असं लिहिलंय. बाकीच्या विषयांत नोट्स पाठ करून 70 गुण मिळतात. मराठी माध्यमातली म्हणून मला लिहिता येत नाही का?

उत्तर : अगं, वाक्य चोख आहे तुझं. माध्यमाची भीती आधी मनातून काढ. घोटाळा तारखांचाच आहे. साथरोग कायदा आला फेब्रुवारी 1897 मध्ये आणि कामगार त्या रुग्णालयावर चालून गेले 29 ऑक्टोबर 1896 ला. जो कायदा अजून झालाच नव्हता, त्याच्यावर ते चिडतील कसे? मग चिडले कशावर? ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच पालिकेने रोग्याला घरातून उचलून रुग्णालयात हलवायचा अधिकार हाती घेतला होता. तुझा निबंध इथून सुरू होतो. मांडवीत सप्टेंबरमध्ये पहिले रोगी सापडले, ते दोन ओळींत सांग आणि पुढे हो.

समासातल्या अशा एका शब्दाने मीही रडले आहे. एम.ए.ला मी मुंबईतल्या 1982 च्या गिरणी संपावर लिहीत होते. ‘संपाने गिरणगाव उद्ध्वस्त झालं’ हे माझं पहिलं वाक्य. सरांनी बाजूला लिहिलं, ‘हे तुला कुणी सांगितलं?’ मला संताप आला. आमच्या चाळीत ही गोष्ट ठाऊक नसलेलं होतं कोण? आई म्हणाली, खालच्या मावशींना विचार.

मावशी खाणावळ चालवायच्या. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून उधारीच्या वह्या काढल्या. जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा त्यांच्याकडे 32 जण जेवायला होते, गणपतीपर्यंत 11 उरले. बाकीच्यांच्या नावापुढे ‘गावी गेला’ एवढंच. कित्येकांची बाकी कधी खोडलीच नव्हती. ‘मागायची कुणाकडे?’ मावशी म्हणाल्या. त्या रात्री मी पहिलं पान फाडलं आणि त्या वह्यांपासून सुरुवात केली. पुढे आणखी चार वेळा लिहिलं. शेवटच्या मसुद्यावरही सरांचा प्रश्न होताच : ‘मावशींनी स्वतः काय खाल्लं?’ ते मी विचारलंच नव्हतं, आणि तोवर मावशी गेल्या होत्या. त्याची रुखरुख आजही आहे.

तुझ्याजवळ प्लेग पाहिलेलं माणूस नाही, पण छापलेलं पुष्कळ आहे. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांचं दफ्तर आहे. मॅडमकडून पत्र घेऊन जा. देशी वर्तमानपत्रांत काय छापून येतं, याचे इंग्रजी सारांश सरकार दर आठवड्याला करून घेत असे. ते मागव. मग त्यातल्या एखाद्या मराठी पत्राचा मूळ अंक मिळतो का ते बघ आणि दोन्ही शेजारी ठेवून वाच. सारांश करणाऱ्याने काय गाळलं, हे मराठी वाचणाऱ्यालाच कळणार. ‘दीनबंधू’ या वर्तमानपत्राचं नाव यादीत पहिलं लिही. ते चालवणारे नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांचे पुढारी होते. फेब्रुवारी 1897 मध्ये, कायदा आला त्याच महिन्यात, ते प्लेगनेच गेले.

गुणांचं म्हणशील तर या सेमिनारला कदाचित कमी पडतील. पडू देत. पाठ केलेल्या उत्तरावर कुणी ‘तारखा?’ असं लिहीत नाही, कारण ते कुणी तेवढं लक्ष देऊन वाचतच नाही. तुझ्या मॅडम वाचताहेत.

एक काम या रविवारी कर. आर्थर रोडचं ते रुग्णालय म्हणजे आजचं कस्तुरबा, तुझ्या घरापासून चालत जाण्यासारखं. लालबागहून पायी जा आणि वाटेत कोणकोणत्या गिरण्यांच्या जागा लागतात ते वहीत टिपून ठेव. त्या दिवशी माणसं कुठून निघाली असतील, याचा अदमास येईल. चौथा मसुदा झाला की त्याची एक प्रत मला पाठव, मला तो वाचायचा आहे.