आमच्या टेस्ट्सचा बॅलन्स चुकलाय का? (एक समुपदेशन अनुभव)

माझ्याकडे येणारी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली मंडळी गेल्या काही काळात एकच काळजी वेगवेगळ्या शब्दांत घेऊन येतायत. कुणी झोप लागत नाही म्हणून येतं, कुणी घरी सारखी चिडचिड होते म्हणून, आणि अर्धा-पाऊण तास बोलून झालं की गाडी तिथेच येते, की मॅडम आमच्याकडे युनिट टेस्ट (कोडचा एकेक छोटा तुकडा वेगळा तपासणाऱ्या) कमी आहेत, यूआयच्या (स्क्रीनवरून तपासणाऱ्या) भरमसाट आहेत, बॅलन्स पार चुकलाय, आणि हे माझ्यामुळे झालंय. समुपदेशनात यायच्या आधी मी स्वतः ऑटोमेशनचं, म्हणजे टेस्ट प्रोग्रॅमने चालवण्याचं, काम केलंय, त्यामुळे या लोकांना माझ्यासमोर फ्लेकी (कोड तोच असताना कधी पास, कधी फेल जाणारी टेस्ट) म्हणजे काय, मॉक (खऱ्या भागाच्या जागी ठेवलेली नक्कल) म्हणजे काय हे समजावत बसावं लागत नाही आणि ते लवकर मोकळे होतात, याचं मला मनापासून समाधान आहे. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकीची गोष्ट सविस्तर लिहिते. तिची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि बऱ्याच भेटी इथे थोडक्यात आणल्यात.

ती ऑटोमेशन लीड. हाताखाली दोघं, आणि एंड-टू-एंड टेस्ट्स दोनशे, म्हणजे खरा ब्राउझर उघडून लॉगिनपासून पेमेंटपर्यंत सगळं क्लिक करत जाणाऱ्या. रन रात्री लागायचा. जेवण झालं की ही लॅपटॉप उघडून बसायची, लाल झालेल्या, म्हणजे फेल गेलेल्या, टेस्ट्स परत चालवायची, हिरव्या होईपर्यंत चालवायची आणि मग झोपायची, कारण सकाळी मॅनेजर डॅशबोर्ड बघणार.

"माझा पिरॅमिड उलटा आहे मॅडम," ती पहिल्याच भेटीत म्हणाली, आणि असं म्हणाली की जणू रिपोर्टमध्ये काहीतरी गंभीर निघालंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, टेस्ट पिरॅमिड हे चित्र माइक कोन यांच्या २००९ मधल्या पुस्तकातून सगळीकडे पसरलं. तळाला भरपूर युनिट टेस्ट, मध्ये सर्व्हिस लेव्हलच्या (स्क्रीन न उघडता आतले भाग तपासणाऱ्या) थोड्या कमी आणि वर यूआयच्या अगदी मोजक्या. हिच्याकडे बरोबर उलट होतं, वर सगळं आणि खाली जवळजवळ काहीच नाही. याला लोक आइस्क्रीम कोन म्हणतात. तिने सत्तर-वीस-दहा टक्के हे प्रमाण कुठेतरी वाचलं होतं आणि आपण त्याच्या किती लांब आहोत याची एक्सेल शीटच बनवली होती, रोज अपडेट करायची.

मी विचारलं, "हा सत्तर-वीस-दहाचा आकडा कुणी दिला?"

"गूगलने."

"त्यांनी त्याला नियम म्हटलंय का?"

तिने मूळ लेख वाचलेलाच नव्हता. गूगलच्या टेस्टिंगवाल्या लोकांनी २०१५ मध्ये तो आकडा लिहिला तो पहिला अंदाज म्हणून, आणि नेमकं प्रमाण प्रत्येक टीमचं वेगळं असेल हेही तिथेच लिहिलंय. पुढे फ्रंटएंडच्या (स्क्रीनच्या बाजूच्या कोडच्या) जगातून केंट डॉड्स यांनी ट्रॉफीचं चित्र काढलं, त्यात सगळ्यात जाड भाग इंटिग्रेशन टेस्टचा, म्हणजे काही तुकडे जोडून तपासणाऱ्या टेस्टचा. स्पॉटिफायच्या लोकांनी २०१८ मध्ये मायक्रोसर्व्हिससाठी (छोट्या छोट्या स्वतंत्र सर्व्हिस जोडून बनलेल्या सिस्टिमसाठी) मधमाशांच्या पोळ्याचा आकार मांडला, तिथेही इंटिग्रेशनच जास्त. हे सगळे हुशार लोक आहेत आणि आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण प्रत्येकाने आपल्या सिस्टिममध्ये जिथे दुखत होतं तिथे जास्त टेस्ट ठेवल्या, आकार त्यातून आला. आपण मात्र आकार आधी घेतो आणि त्यात स्वतःला बसवायला जातो, बसलो नाही की स्वतःला नापास करतो.

हे ऐकून तिला बरं वाटलं, पण रात्रीचं रिरन काही थांबलं नाही. अपेक्षितच होतं, माहिती मिळाली म्हणून भीती जात नाही.

मग एका भेटीत आम्ही कागदावर साधं गणित केलं. समजा प्रत्येक टेस्ट तशी चांगली आहे, हजारात फक्त पाच वेळा उगाच फेल जाते. अशा दोनशे टेस्ट एकत्र चालवल्या तर सगळ्याच्या सगळ्या हिरव्या यायची शक्यता किती? साधारण सदतीस टक्के. म्हणजे कोडमध्ये एकही बग नसताना तीनपैकी जवळपास दोन रात्री रन लाल होणार. तिने तीनदा कॅल्क्युलेटरवर करून बघितलं.

"म्हणजे मी रोज रात्री बसते ते..."

"ते तुमच्या आळसामुळे किंवा हलगर्जीपणामुळे नाही. इतक्या लांबलचक टेस्ट इतक्या संख्येने असल्या की असंच होणार." गूगलनेच २०१६ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या जवळपास सोळा टक्के टेस्ट्समध्ये थोडाफार फ्लेकीपणा आहे. त्यांच्याकडे माणसं आणि मशिन किती, विचार करा.

आता खरी गोष्ट सांगते, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडायला सुरुवात केलेल्या विवेकनिष्ठ विचाराची माणूस आहे. माणसाला त्रास नुसत्या घटनेने होत नाही, त्या घटनेबद्दल मनात धरलेल्या हट्टाने होतो असं मी मानते आणि इतक्या लोकांसोबत काम करून माझं हे मत पक्कंच होत गेलंय. हिच्या केसमध्ये हट्ट कुठे आहे ते मला दिसत होतं, पण मी सांगून उपयोग नव्हता, तिला स्वतःला दिसायला हवं होतं. म्हणून मी तिला सांगितलं, प्रमाणाची एक्सेल शीट बंद करा. नवीन शीट काढा, त्यात प्रत्येक एंड-टू-एंड टेस्टसमोर एकच गोष्ट लिहा: ही टेस्ट उद्या काढून टाकली तर मला कशाची भीती वाटते?

ती पुढच्या वेळी शीट घेऊन आली आणि वाचायला लागली. इथे कूपन लावल्यावर टोटल चुकली होती, क्लायंटचा फोन आला होता. इथे रिलीजच्या दिवशी पासवर्ड रिसेट चालला नव्हता, सगळ्यांसमोर विचारलं होतं हे टेस्ट का नाही केलं. इथे डिलिव्हरीची तारीख एक दिवस पुढे दिसत होती, मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं होतं. इथे... असं वाचत वाचत ती पाचव्या-सहाव्या पानावर थांबली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली,

"मॅडम, ह्या टेस्ट्स नाहीचेत. मी खाल्लेल्या बोलण्यांची यादी आहे ही."

मी काहीच बोलले नाही, बोलायची गरजच नव्हती. प्रत्येक वेळी प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या वापरकर्त्यांपर्यंत, बग गेला की हिने त्याच बगच्या मापाची एक मोठी टेस्ट शिवली होती, थेट ब्राउझरमधून, कारण ज्याने तक्रार केली त्याला तो तिथेच दिसला होता. बग दिसतो वर पण जन्मतो बऱ्याचदा खाली, आणि घाबरलेला माणूस दिसतो तिथेच पहारा बसवतो. नुसतं पिरॅमिड सरळ करा म्हणून काही होत नाही ते यामुळे. टेस्ट डिलीट करणं हे टेक्निकल काम वाटतं, पण ते करताना बोट थरथरतं, कारण त्या टेस्टला एक वाईट दिवस चिकटलेला असतो.

त्या दिवसानंतर काम भराभर झालं. आम्ही तिच्या भीतींचे गट पाडले, आणि ते तीनच निघाले.

पहिली भीती, गणित किंवा नियम चुकेल. ते कूपनचं प्रकरण घ्या, राउंडिंग चुकलं होतं, बस. त्यासाठी ही वीसेक स्टेप्सची टेस्ट चालवत होती, लॉगिन, सर्च, कार्ट, पत्ता, सगळं, आणि त्यातलं काहीही हललं की टेस्ट लाल, राउंडिंग बरोबर असलं तरी. तीच गोष्ट युनिट टेस्टमध्ये काही मिलिसेकंदांत होते, शिवाय वीस वेगवेगळ्या रकमा टाकून बघता येतात, आणि फेल गेली तर कुठल्या फंक्शनमध्ये बघायचं ते लगेच कळतं. मोठी टेस्ट फेल गेली की एवढंच कळतं की कुठेतरी काहीतरी बिघडलंय, मग अर्धा दिवस शोधत बसा.

दुसरी भीती, दोन तुकडे एकमेकांशी नीट बोलणार नाहीत. तारखेचा बग असाच होता. एक सर्व्हिस वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) पाठवत होती, दुसरी ती लोकल धरत होती, दोन्हीकडे युनिट टेस्ट होत्या आणि दोन्हीकडे हिरव्या, कारण दोन्हीकडे समोरच्याच्या जागी मॉक होता आणि मॉक तेच बोलतो जे आपण त्याच्या तोंडी घातलंय. युनिट टेस्ट वाढवा वाढवा म्हणणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ पोचून हरवलं ते अशाच सांध्यामुळे, एका सॉफ्टवेअरने आकडे पाउंड-फोर्स-सेकंदात दिले आणि घेणाऱ्याने ते न्यूटन-सेकंद धरले. आकडे आपापल्या एककात ठीक होते, बोलणंच जुळलं नाही. या भीतीला इंटिग्रेशन टेस्ट लागते, कंटेनरमध्ये (टेस्टपुरत्या तयार केलेल्या वेगळ्या जागेत) खरा डेटाबेस उभा करून, किंवा दोन सर्व्हिसमध्ये कॉन्ट्रॅक्ट टेस्ट (एकमेकांशी कसं बोलायचं हा करार तपासणारी), पॅक्टसारखं टूल वापरून. ब्राउझर उघडायची गरज नाही.

तिसरी भीती, सगळं जोडल्यावर माणूस ज्या कामासाठी आला ते काम होईल ना. ही खरी एंड-टू-एंडची जागा. तिने डोकं लावून अशा वाटा काढल्या ज्या बंद पडल्या तर धंदाच थांबेल, आणि त्या आठ निघाल्या.

पण खालच्या टेस्ट लिहायच्या तर हिशोबाचं लॉजिक स्क्रीनच्या कोडमधून वेगळं काढावं लागणार होतं, म्हणजे डेव्हलपरला सांगावं लागणार, आणि ही तिथे अडली. बॅलन्सचा प्रश्न कधीच एकट्या टेस्टरच्या हातात नसतो, हे मी प्रत्येकाला सांगते.

"ते म्हणतील टेस्टिंग तुझं काम आहे."

"म्हणाले तर?"

"तर वाईट वाटेल."

"वाटेल. आणि मग?"

तिने बराच वेळ घेतला. "मग परत विचारेन. त्या कूपनच्या टेस्टला किती वेळ लागतो आणि युनिटला किती, ते दाखवेन."

हे आम्ही दोन-तीनदा बोलून बघितलं, मी डेव्हलपर झाले, जरा कडक डेव्हलपर झाले. प्रत्यक्षातला माणूस त्यामानाने बराच सौम्य निघाला आणि त्याने पहिलं फंक्शन स्वतःच वेगळं करून दिलं. मोठी टेस्ट काढायची पद्धतही त्यांनी मिळून ठरवली, मला ती फार आवडली. आधी खाली छोटी टेस्ट लिहायची, मग कोड मुद्दाम चुकवून बघायचा, छोटी टेस्ट लाल झाली तरच वरची डिलीट, आणि डिलीट दोघांच्या नावावर. त्यामुळे पुढे काही झालं तर एकट्या तिच्यावर येणार नाही हे आधीच ठरलेलं, आणि माणसाचा जीव किती हलका होतो त्याने!

मॅनेजरचा प्रश्न मात्र तोच राहिला, "म्हणजे आता बग येणार नाही ना?" आधी ती या प्रश्नाला हो म्हणायची आणि रात्रभर ते हो निभवायला बसायची. टेस्टने बग आहेत हे दाखवता येतं, नाहीत हे सिद्ध करता येत नाही, हे संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९६९ मध्येच सांगून ठेवलंय. बग येऊ नये ही इच्छा चांगलीच आहे, ती ठेवावीच, पण येता कामाच नये हा हट्ट धरला की माणूस कुठल्याही संख्येला पुरेसं म्हणू शकत नाही. कव्हरेजच्या टक्क्यांचंही तेच. कव्हरेज टेस्ट चालवताना कोडच्या कुठल्या ओळी चालल्या तेवढंच सांगतं, त्या ओळींनी दिलेलं उत्तर कुणी तपासलं की नाही हे सांगत नाही, तरी लोक शंभर टक्क्यांसाठी जिवाचं रान करतात.

या वेळी तिने मॅनेजरला सांगितलं, "पैशाचं गणित, सर्व्हिसमधलं बोलणं आणि आठ मुख्य वाटा हे प्रत्येक बदलाला तपासलं जातं. जुने ब्राउझर आपण बघत नाही. तिथे काही झालं तर मॉनिटरिंगमध्ये दिसेल आणि फीचर फ्लॅग (फीचर चालू-बंद करायचा स्विच) बंद करून मागे येता येईल." तो म्हणाला ठीक आहे, जुन्या ब्राउझरचं क्लायंटला मी कळवतो. इतकी वर्षं तिने हे वाक्य बोलायची हिंमत केली नव्हती.

तिच्या टीमचं चित्र आज पिरॅमिडसारखं दिसत नाही, मधला भाग फुगीर आहे, कारण त्यांचं प्रॉडक्ट म्हणजे मुख्यतः सर्व्हिसचं एकमेकांशी बोलणं. मला ते योग्य वाटतं. उलट हिशोबाचं इंजिन किंवा कंपायलर लिहिणाऱ्यांकडे युनिटच भरभक्कम असणार.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर प्रमाणापासून करू नका. प्रॉडक्शनपर्यंत पोचलेले शेवटचे दहा बग घ्या, आणि टीमसोबत बसून, कुणाची चूक हा विषय न काढता, एवढंच लिहा की प्रत्येक बग सगळ्यात खालच्या कुठल्या लेव्हलला पकडता आला असता. कुठे भर हवी ते त्यात दिसतं. फ्लेकी टेस्ट्स मुख्य रनमधून वेगळ्या काढा, पण त्यांना तारीख द्या, दोन आठवड्यांत दुरुस्त नाहीतर डिलीट, नुसतं ऑटो-रिट्राय (फेल टेस्ट आपोआप परत चालवणं) लावून सोडू नका कारण कधीकधी तो फ्लेकीपणा म्हणजे कोडमधलाच खरा टायमिंगचा बग असतो आणि रिट्राय त्याला झाकून टाकतो. आणि नवीन एंड-टू-एंड टेस्ट रिव्ह्यूला आली की लिहिणाऱ्याने वर एक ओळ टाकावी, हे खाली का तपासता येत नाही. तिच्या टीममध्ये आता ही ओळ सक्तीची आहे आणि ती नसेल तर रिव्ह्यू पुढे जात नाही.