रोजचं काय ते सांग

अरे बाबू,

रविवारी तू आलास, एका हातात कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आणि दुसऱ्या हातात पॅटिसचा बॉक्स, मला हसूच फुटणार होतं पण तुझा चेहरा बघून गप्प बसले. रात्री झोप लागेना म्हणून हे लिहितेय. लांबलं तर दोनदा बसून वाच.

तू विचारलंस, मावशी, नारळ बंद करू का, अंड्यातला पिवळा बलक काढून टाकू का. आईने तर घाबरून हुमणात, माशाच्या आमटीत, खोबरं वाटायचंच सोडलं म्हणे, आणि फोनवर एकजण सांगतो खोबरेल अमृत, दुसरा सांगतो विष. मी उलट एकच विचारलं, रोज काय खातोस? तर म्हणतोस "रोजचं काय, साधंच". ह्या साधंच शब्दाने माझी वाट लावलीय रे, म्हणून त्या दिवशी जरा चढ्या आवाजात बोलले, मनावर घेऊ नको.

2009 साली माझा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 171 आला, मी तेव्हा 51 ची. डॉक्टरांनी स्टॅटिन, म्हणजे ते उतरवणारी गोळी, लिहून दिली, मी घेतली नाही. का, तर मी सोमवार करते, गुरुवारी मासळीला हात लावत नाही, मला कसलं कोलेस्टेरॉल! मग सुरू झालं माझं. अंडी बंद, तूप बंद, रात्री भिजवलेली मेथी, उपाशीपोटी लसूण, चवथीला नेवरीकडे, तळलेल्या करंजीकडे, बघितलंसुद्धा नाही, शेजारणी म्हणायच्या काय हा निग्रह. आणि सकाळी साडेदहाला ऑफिसात पोरगा विचारायला यायचा, बाई किती, तर दोन उंडे पाव, एक सुकी भाजी, एक मिरची भजी. ती भजी ज्या वर्तमानपत्रात यायची त्यावर तेल असं पसरायचं की मागच्या पानावरच्या निधनवार्ता आरपार वाचता यायच्या, मी वाचायचेसुद्धा, कोण गेलं म्हणून, खाता खाता. हे 22 वर्षं. वर्षाचे 240 दिवस धर, पाच हजारांच्या वर मिरच्या होतात. आणि मी नेवरीवर रागावलेली!

2014 मध्ये जिने चढताना जबडा दुखायला लागला. दात असेल म्हणून मी दातांच्या डॉक्टरकडे. बायकांना कधीकधी छातीत न दुखता असंच दुखतं हे मला कुठे माहीत. शेवटी बांबोळीच्या इस्पितळात नेलं, हृदयाच्या रक्तवाहिनीत एक स्टेंट, ती जाळीची नळी, बसला. गोळी तेव्हाच घेतली असती तर हे टळलं असतं का, कोण सांगणार, पण रात्री दोनला हा प्रश्न येतोच येतो.

आता तुझा रिपोर्ट. टोटल 238, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल 36, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी 215, एलडीएल 159. हा 159 गणिताने काढलाय, 238 मधून 36 वजा कर, मग 215 चा पाचवा भाग म्हणजे 43 वजा कर, बघ येतो की नाही. रक्त दिलंस सोमवारी सकाळी, आणि रविवारी रात्री मित्राच्या लग्नात बियर आणि गोडधोड झालेलं, हे तूच बोललास. ट्रायग्लिसराइड अशा एका रात्रीने वर उडी मारतो, त्याची टेस्ट परत कर, आधी दोन-तीन दिवस दारू न घेता. एलडीएलचं तसं नाही, तो एका लग्नाने चढत नाही आणि एका उपासाने उतरत नाही. तो रोजचा हिशेब. 130 ते 159 ला बॉर्डरलाइन म्हणतात, म्हणजे तू अगदी काठावर बसलायस.

हे कसं होतं ते ऐक, मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. अंगातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं, ताटातून येतं ते थोडं. लिव्हरच्या पेशींवर रक्तातला एलडीएल ओढून घेणारी रिसेप्टर असतात, ती शोधणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टीनना 1985 चं नोबेल मिळालं. सॅच्युरेटेड फॅट रोज पोटात गेलं की ही रिसेप्टर कमी होतात. पंचायतीची कचऱ्याची गाडी एक दिवस चुकली तर काही होत नाही, पण रोज येईनाशी झाली तर दारात काय होतं ते तुला माहीत आहे. म्हणून बलकापेक्षा मी तुला रोजच्या तेलाचं विचारते. एका बलकात दोनशेच्या आसपास मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं पण सॅच्युरेटेड फॅट जेमतेम दीड ग्रॅम. खा की एक अंडं. रोस ऑम्लेट रोज रात्री गाड्यावर खाणं वेगळं, त्यात अंडं बिचारं नावाला, वर रस्सा आणि तीन पाव.

नारळाबद्दल गोड बोलणार नाही. खोबरेल एक मोठा चमचा म्हणजे जवळजवळ 12 ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट, आणि दिवसाची हद्द 2000 कॅलरीला 22 ग्रॅम धरतात. आपल्याकडे दुपारी हुमण, रात्री तेच हुमण, म्हणजे नारळ रोजचाच, मग तो मोजायलाच हवा. मोजायला म्हटलं, सोडायला नाही! आईला सांग हुमणात खोबरं घाल, पण चौघांना अर्धी वाटी, आणि फोडणी, तळणी शेंगदाण्याच्या नाहीतर सूर्यफुलाच्या तेलात. सोलकढीच्या जागी चार दिवस फुटी कढी, बिननारळाची. बांगडे, तारले हुमणात खा, रवा लावून तळलेले रविवारी. आणि आळसांदे म्हणजे चवळी, मूग, मसूर रोज एक वाटी. ह्यातला विरघळणारा फायबर पित्ताला धरून बाहेर नेतो, मग नवं पित्त करायला लिव्हरला रक्तातलं कोलेस्टेरॉल घ्यावं लागतं. पोयी पावावर कोंडा दिसतो म्हणून खुश होऊ नको, हल्ली आतून मैदाच असतो बऱ्याचदा, पोदेराला, पाववाल्याला, विचार.

खरा मुद्दा तुझी कंपनीची कॅन्टीन. वेर्ण्याला शिफ्टला रोज दोन समोसे, रोज दोनदा साखरेचा चहा, क्रीम बिस्किटं, हे तू "ते काय, नाश्ता" म्हणून उडवलंस. तेच तर रोजचं! 2022 पासून ट्रान्स फॅट 2 टक्क्यांच्या आत ठेवायचा नियम आहे, चांगलंच झालं, पण बिस्किटात, पॅटिसात पाम तेल असतंच आणि ते निम्मं सॅच्युरेटेड.

माझं म्हणशील तर मी डबा न्यायला लागले, रिटायर होईपर्यंत नेला, अजून लग्नालासुद्धा पर्समध्ये चणे असतात. ऑफिसात एका मैत्रिणीच्या निरोपाला मी समोसा घेतला नाही, तिला वाटलं मी नाक मुरडलं, नंतर फोन कमी झाले. तुझे काका म्हणतात तू माणसं तोडलीस. मी नाही तोडली. एका समोशाने मी मेले नसते हे मलाही कळतं, पण तिथे दर आठवड्याला कुणाचातरी निरोप, कुणाचातरी वाढदिवस, कुणाचं प्रमोशन, मग ते रोजचंच झालं ना? तेव्हा जरा प्रेमाने नाही म्हणायला हवं होतं, एवढं कबूल करते. आणि चवथीला मी पाच नेवऱ्या खाते, काकांना विचार.

गोळीचं डॉक्टर ठरवतील. दिली तर घे, माझ्यासारखा शहाणपणा करू नको. तुझ्या बाबांना 48 व्या वर्षी झटका आला होता ते तू डॉक्टरांना सांगितलंस का? विसरलास ना. आधी ते सांग, त्याने सगळा हिशेब बदलतो. मग तीन महिने खाणं सुधारून टेस्ट परत.

आणि आठवडाभर वहीत लिही, फक्त रोजचं, लग्नाबिग्नातलं सोड. बुधवारी संध्याकाळी ये, कडधान्याचं टोनाक करते. बाबांचा जुना रिपोर्ट आईच्या कपाटात असेल तो आण. पॅटिस आणू नको, परवाचे चारही शेजारच्या पोरांना दिले, आता ती रोज विचारतात.

तुझी मावशी