प्रोजेक्ट बोर्ड हाताळणाऱ्या एआय एजंटसाठी टूलचं वर्णन कसं लिहावं?

तुम्ही लिहिलंय की तुमचा एजंट कार्डं नीट शोधतो, पण ती हलवताना आणि बंद करताना गोंधळ घालतो. आणि टूलचं, म्हणजे एजंट ज्यातून बोर्डावर काम करतो त्या फंक्शनचं, वर्णन "इश्यू अपडेट करतो" एवढंच आहे (इश्यू, कार्ड, तिकीट ही इथे एकाच गोष्टीची नावं). मग मॉडेल बदलण्याआधी ते वाक्य बदला.

आधी आमची फजिती सांगतो. स्टँडअपनंतर, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीनंतर, आमच्यातल्या एकाने एजंटला लिहिलं, "लॉगिनच्या बगचं तिकीट काढ." त्याला नवीन तिकीट हवं होतं, आपण एसटीचं काढतो तसं. एजंटने त्याच नावाचं जुनं तिकीट शोधलं आणि बोर्डावरून काढलं. मराठीत दोन्ही अर्थ बरोबर! नशिबाने ते टूल फक्त अर्काइव्ह करत होतं, म्हणून कार्ड परत आणता आलं. पण त्याच्या वर्णनात काय होतं? "कार्ड काढतो." हे मीच लिहिलं होतं.

आता तिथे असं आहे: "कार्ड अर्काइव्ह करतो. ते बोर्डावर दिसत नाही, पण परत आणता येतं. काम पूर्ण झालं म्हणून हे वापरू नका. त्यासाठी कार्ड 'पूर्ण' यादीत हलवा. 'तिकीट काढ' म्हणजे नवीन तिकीट तयार करणे. 'बोर्डावरून काढ' म्हटलं तरच हे टूल, आणि कार्ड एकाहून जास्त सापडली तर आधी विचारा." यात टूल काय करतं हे दोन वाक्यांत संपलं. बाकी सगळं ते कधी वापरायचं, कधी नाही आणि आमच्या टीमची बोली काय, याबद्दल आहे. हा भाग बहुतेक जण गाळतात, कारण आपल्याला तो पाठ असतो. एजंटला नसतो.

दुसरी जागा म्हणजे स्टेटस. तुम्ही जिरा (Jira, कामांचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर तुमचा घोळ बहुधा इथेच आहे. जिरात स्टेटस हे शीर्षकासारखं थेट बदलायचं फील्ड नाही, त्यासाठी ट्रान्झिशन, म्हणजे एका स्टेटसमधून दुसऱ्यात जायची ठरवून दिलेली पायरी, करावी लागते. कुठली ट्रान्झिशन्स मिळतील हे इश्यू आत्ता कुठे आहे, वर्कफ्लो कसा बांधलाय आणि त्या खात्याला परवानगी आहे का, यावर ठरतं. वर ट्रान्झिशनचा आयडी वेगळा आणि स्टेटसचा वेगळा. हे वर्णनात लिहिलं नाही तर एजंट स्टेटसचाच आयडी ठोकून देतो. आम्ही आधी लिहिलं, "प्रथम उपलब्ध ट्रान्झिशन्सची यादी आणा, त्यातलाच आयडी द्या." बरंच सुधारलं. मग लक्षात आलं की ही कसरत एजंटकडून करून घ्यायचीच कशाला? आता एकच टूल स्टेटसचं नाव घेतं आणि दोन्ही पायऱ्या आत उरकतं. वर्णनात चार अटी घालाव्या लागत असतील तर वर्णनाआधी टूलकडे बघा, असं माझं मत झालंय.

गिटहब प्रोजेक्ट्सवर, म्हणजे गिटहबच्या बोर्डांवर, त्रास आयडींचा. इश्यूचा क्रमांक ४२ असेल, पण बोर्डावरचं फील्ड बदलायला त्या बोर्डावरच्या आयटमचा आयडी लागतो, आणि पर्यायांच्या यादीतून निवडायचं फील्ड असेल तर पर्यायाचं नाव चालत नाही, त्याचाही आयडी लागतो. म्हणून पॅरामीटरला नुसतं 'आयडी' म्हणू नका. 'प्रोजेक्ट_आयटम_आयडी' म्हणा आणि तो कुठल्या टूलच्या उत्तरातून येतो तेही तिथेच लिहा.

तारखांचं एक सांगून ठेवतो. ट्रेलो या बोर्डाच्या अ‍ॅपमध्ये ड्यू डेटला वेळही असते आणि एपीआयकडून (प्रोग्रामसाठीच्या जोडणीतून) ती यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, येते. एजंटने "शुक्रवारपर्यंत" याचं भाषांतर शुक्रवार, यूटीसी मध्यरात्र असं केलं, तर आपल्याकडे ते कार्ड शुक्रवारी पहाटे ५:३० वाजताच थकीत होतं. कुणी उठलेलंही नसतं! वर्णनात वेळक्षेत्र आणि 'पर्यंत' म्हणजे दिवसाअखेर, एवढं लिहिलं की भागतं.

एरर मेसेजही वर्णनाइतकेच जपून लिहा. "अवैध विनंती" वाचून एजंट तोच कॉल पुन्हा करतो. "इथून फक्त 'रिव्ह्यू' किंवा 'थांबवले' मध्ये जाता येतं" असं आलं तर स्वतःच सावरतो.

मात्र निबंध लिहू नका. साधारणपणे सगळ्या टूलची वर्णनं प्रत्येक वेळी मॉडेलसमोर जातात, तेव्हा जागाही खातात आणि पैसेही. आणि डिलीटसारख्या कामाला नुसत्या शब्दांवर विसंबू नका. एमसीपीमध्ये (एजंटला टूल जोडायची एक प्रमाणित पद्धत) टूलवर 'विध्वंसक' अशी खूण करता येते, पण ती सूचनाच असते, कुलूप नव्हे. खरी अडवणूक सर्व्हरवर करा, नाहीतर त्या खात्याला डिलीटची परवानगीच देऊ नका. आम्ही शेवटी तेच केलं.

तुमचं सध्याचं वर्णन आणि एजंटने केलेले दोन-तीन चुकीचे कॉल इथे टाकलेत तर नेमकं सांगता येईल.