माळाचा रंग आणि नकाशाची सूची

निसर्गाच्या पुनर्स्थापनेसाठी नकाशे तयार करण्याच्या कामाविषयी या महिन्यात तीन पत्रे आली. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे. त्यातील प्रश्न एका वाचकाचा असला तरी तशाच अटी घातलेले प्रकल्प मी अनेक ठिकाणी पाहिले आहेत.

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यात राहतो. भूगोलात एम. एस्सी. केले असून क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचे सॉफ्टवेअर स्वतःच शिकलो आहे. एका संस्थेने 200 हेक्टर माळरानाच्या पुनर्स्थापनेचे नकाशे करण्याचे काम मला देऊ केले आहे. दरवर्षी मार्च महिन्यातील उपग्रह प्रतिमांवरून हिरवाई किती वाढली, हे त्यांना दाखवून हवे आहे. हे काम प्रत्यक्षात कसे चालते आणि पुढे पेशा म्हणून ते करता येईल का?

उत्तर : काम जरूर स्वीकारा, मात्र मार्चची अट मान्य करण्यापूर्वी संस्थेच्या कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन भर मार्चमध्ये एकदा त्या माळावर जा. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते पावसावर वाढतात, दसऱ्याच्या सुमारास तुऱ्यावर असतात आणि दिवाळीनंतर पिवळी पडू लागतात. मार्चमध्ये निरोगी माळसुद्धा वाळलेलाच असतो. हिरवाई मोजण्यासाठी सर्रास वापरला जाणारा एनडीव्हीआय हा निर्देशांक एका साध्या गुणधर्मावर उभा आहे : जिवंत पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. वाळलेल्या काडीपाशी हा गुणधर्म उरत नाही, त्यामुळे उत्तम गवताचा माळ आणि उघडा मुरूम यांच्यातील अंतर मार्चच्या प्रतिमेत फार थोडे उरते. वेडी बाभूळ मात्र उन्हाळ्याच्या तोंडावरही हिरवीच असते. तेव्हा मार्चची अट पाळली, तर बाभूळ माजत गेल्यास तुमचा आलेख चढेल आणि ती काढून गवत परत आणल्यास तो उतरेल.

या चुकीचा मला अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी एका टेकडीच्या नोव्हेंबर-डिसेंबरमधील प्रतिमा सलग पाच वर्षे तपासून मी प्रकल्प यशस्वी झाल्याचा शेरा दिला होता. नंतर ती टेकडी पायी चढलो, तेव्हा ती हिरवाई एकट्या गिरिपुष्पाच्या दाट लागवडीची असल्याचे कळले. झाडांखाली गवत जवळजवळ नव्हते. पायथ्याशी भेटलेल्या मेंढपाळाने शांतपणे सांगितले, की पूर्वी आम्ही इथे मुक्कामाला यायचो, आता नुसते वरून निघून जातो. माझ्या आकडेमोडीत एकही चूक नव्हती. चुकली होती ती नकाशाची सूची, म्हणजे कोणता रंग कशासाठी हे सांगणारी यादी, कारण तिच्यात ‘हिरवे’ आणि ‘उजाड’ असे दोनच रकाने होते.

सूचीचा हा प्रश्न केवळ तुमच्या-माझ्या नकाशांपुरता नाही. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार किमान 1 हेक्टर क्षेत्रावर वृक्षांच्या छत्राची घनता 10 टक्के किंवा त्याहून अधिक असेल, तर जमिनीची मालकी, तिचा कायदेशीर दर्जा आणि झाडांची जात न पाहता ते क्षेत्र वनाच्छादन म्हणून मोजले जाते. त्यामुळे कोकणातील आंब्या-काजूच्या बागा वनाच्छादनात बसू शकतात, पण सोलापूरचा माळ बसत नाही. देशातील वृक्षांचे छत्र मोजणे हा त्या व्याख्येचा हेतू आहे आणि तेवढ्यासाठी ती उपयोगी आहे. माळ बरा आहे की बिघडला आहे, या प्रश्नाचे उत्तर मात्र ती देऊ शकत नाही. पडीक जमिनींच्या सरकारी नकाशांतही झुडपी माळ आणि चराऊ राने ‘पडीक’ या सदराखाली येतात, आणि एकदा पडीक ठरलेल्या जागेवर झाडे लावणे हे पुण्यकर्मच वाटू लागते. वास्तविक सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील माळढोक अभयारण्य 1979 मध्ये स्थापन झाले, ते अशाच उघड्या माळासाठी. माळढोक, लांडगा, काळवीट यांना मोकळी, दूरवर दिसणारी जमीन लागते.

आपल्या भाषेला हे भेद ठाऊक आहेत. माळ, रान, कुरण, गायरान, बरड, पड हे शब्द ज्यांनी घडवले, त्यांनी जमिनीचा पोत आणि तिचा वापर या दोन्ही गोष्टी त्यात नोंदवून ठेवल्या आहेत. माझा आग्रह असा, की संगणकातील तयार यादी उघडण्यापूर्वी गावातील गुराखी, मेंढपाळ आणि जुने शेतकरी यांच्याबरोबर शिवार फिरून ते कोणत्या जागेला काय म्हणतात हे लिहून घ्यावे आणि नकाशाची सूची त्यावरून बांधावी. नंतर हवे तर शासकीय वर्गांशी तिचा मेळ घालता येतो. उलट दिशेने गेल्यास तो मेळ बसत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. पहिला टप्पा इतिहासाचा असतो : येथे पूर्वी काय होते? लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमा 1972 पासून आहेत. 1984 मध्ये लँडसॅट-5 सोडल्यानंतरच्या प्रतिमा 30 मीटर तपशिलाच्या मिळतात आणि 2008 पासून हा सारा साठा विनामूल्य खुला आहे. त्याला भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या स्थलनिर्देशक पत्रकांची आणि गावच्या महसुली नोंदींची जोड द्या. सातबाऱ्यावर गायरान म्हणून नोंदलेली जागा मुळात जंगल होती, असे गृहीत धरून चालणारा प्रकल्प बहुधा चुकीच्या पायावर उभा असतो. दुसरा टप्पा संदर्भस्थळाचा : त्याच पावसाच्या आणि त्याच मातीच्या पट्ट्यात अजून बऱ्या स्थितीत असलेला एखादा माळ शोधा, कारण ‘सुधारणा’ म्हणजे कशासारखे होणे, हे त्याशिवाय ठरत नाही.

निरीक्षणासाठी सेंटिनेल-2 हा युरोपीय उपग्रह पुरेसा आहे. त्याच्या प्रतिमेतील एक चौकोन 10 मीटर बाजूचा असतो, म्हणजे तुमच्या 200 हेक्टरांत असे सुमारे 20,000 चौकोन येतील, आणि या मालिकेतील दोन उपग्रह मिळून साधारण दर 5 दिवसांनी त्याच जागेवरून जातात. पावसाळ्यात ढग आडवे येतील, पण सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये एखादी स्वच्छ प्रतिमा बहुतेक वेळा मिळते. ती एक आणि मार्चची एक, अशा दोन्ही घ्या आणि दोहोंतील फरकाचा नकाशा करा. गवताचा एनडीव्हीआय ऑक्टोबरमध्ये उंच जातो आणि मार्चमध्ये कोसळतो. वेडी बाभूळ दोन्ही वेळा हिरवी असते. उघडा मुरूम दोन्ही वेळा खाली राहतो. शेजारच्या ज्वारीच्या रब्बी पिकाचा काळ वेगळा असल्याने तेही निराळे ओळखता येते. म्हणजे मार्चची प्रतिमा टाकून देण्याचे कारण नाही, तिला सोबत हवी. संस्थेला हे समजावून सांगताना एकाच चौकोनाचा वर्षभराचा आलेख दाखवा. सभेत बाकी कशापेक्षाही तो लवकर पटतो.

त्यानंतरही पायी तपासणी चुकत नाही. नकाशावर यादृच्छिक पद्धतीने बिंदू निवडा, प्रत्येक बिंदूपाशी जाऊन काय आहे ते नोंदवा आणि नकाशा किती ठिकाणी चुकला ते अहवालात छापा. रस्त्यालगतचे सोयीचे बिंदू निवडण्याचा मोह प्रत्येकाला होतो; मलाही झालेला आहे.

पेशाचे म्हणाल, तर वन विभागाचे प्रकल्प, नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, पाणलोट आणि वनहक्कांवर काम करणाऱ्या संस्था, तसेच अलीकडे कार्बन प्रकल्प चालवणाऱ्या कंपन्या येथे असे काम मिळते. बरेचसे काम कंत्राटी असते आणि प्रकल्पाबरोबर संपते, हे मनाशी धरून चला. डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम विनामूल्य आहेत, ते करावेत. पायथन ही संगणकीय भाषा थोडीफार आली पाहिजे. गवते ओळखता येणे त्याहून दुर्मीळ आहे, आणि निवड समितीवर बसलो असताना मी तेच आधी विचारतो.

प्रश्न : आमच्या गावाने श्रमदानातून डोंगरावर सलग समतल चर खोदले. चरांच्या रेषा एका तरुणाने उपग्रहाच्या विनामूल्य उंची-नकाशावरून आखून मोबाइलवर दिल्या होत्या. पहिल्याच मोठ्या पावसात अनेक चर एका टोकाला फुटले. चूक त्याची की नकाशाची?

उत्तर : नकाशा ज्या कामासाठी नाही, त्या कामाला तो लावला गेला. विनामूल्य मिळणारी उंचीची माहिती साधारण 30 मीटर बाजूच्या चौकोनांत असते. तिच्यातील एसआरटीएम ही मालिका तर फेब्रुवारी 2000 मधील एका अंतराळयान मोहिमेतून आलेली आहे. डोंगराचा उतार 20 टक्के असेल, तर एका चौकोनाच्या वरच्या आणि खालच्या कडेतच 6 मीटर उंचीचा फरक असतो, आणि तुमचा चर असतो जेमतेम फूटभर खोल. शिवाय आपल्या काळ्या पाषाणाच्या डोंगरांना कडे आणि पठारे यांच्या पायऱ्या असतात. असा नकाशा त्या पायऱ्या घासून सरळ उतार करून टाकतो. मोबाइलची स्थाननिश्चितीही उघड्यावर काही मीटर इकडेतिकडे होते. चराचा तळ समपातळीत नसला, की सगळे पाणी खालच्या टोकाला साठते आणि तेथील भराव फोडते.

उंची-नकाशा पाणलोटाची हद्द, उताराचे वर्ग आणि ओढ्यांचा क्रम ठरवण्यासाठी, म्हणजे माथा ते पायथा कोणते काम कोठे घ्यायचे यासाठी वापरावा. चराची रेषा मात्र हायड्रोमार्करने (पाणी भरलेल्या नळीने) किंवा ए-फ्रेमने (समपातळी दाखवणाऱ्या ‘ए’ आकाराच्या चौकटीने) जागेवरच आखावी लागते. पारदर्शक नळीतील पाणी खोटे बोलत नाही. फुटलेले चर बुजवू नका. या उन्हाळ्यात पुन्हा पातळी घेऊन मध्ये मध्ये मातीचे आडवे अडसर ठेवल्यास त्यातील बरेचसे उपयोगी येतील. त्या तरुणाला दोष देऊ नका, नळीचे एक टोक त्याच्याच हाती द्या.

प्रश्न : आमची संस्था यवतमाळ जिल्ह्यात काम करते. ड्रोन विकत घेण्यासाठी निधी मिळाला आहे. घ्यावा का? आणि आमच्या दोन नकाशांच्या हद्दी जुळत नाहीत, त्यावर ड्रोनने उपाय होईल का?

उत्तर : हद्दींचे आधी पाहू. 78 अंश पूर्व रेखावृत्त तुमच्या जिल्ह्यातून जाते आणि त्या रेषेवर यूटीएम या पृथ्वीचे उभे पट्टे पाडून स्थान मीटरांत सांगणाऱ्या पद्धतीचे 43 आणि 44 हे विभाग एकमेकांना भेटतात. फाइलला चुकीचा विभाग लावला गेला, तर हद्द 600 किलोमीटरांहून अधिक सरकते. ही चूक लगेच दिसते म्हणून ती बरी. तुमच्या हद्दी 20-30 मीटरांनी सरकलेल्या असतील, तर दोष बहुधा गाव नकाशाच्या भू-संदर्भनात, म्हणजे तो खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवण्यात आहे. जुने गट नकाशे साखळीने मोजलेले आणि कापडावर-कागदावर उतरवलेले आहेत. त्यांना उपग्रह प्रतिमेवर बसवताना बांधांचे तिठे, विहिरी, हद्दीचे दगड असे पक्के बिंदू जागेवर जाऊन घ्यावे लागतात. ड्रोनने प्रतिमा अधिक स्पष्ट होईल, हद्दीचा वाद तसाच राहील. मोजणीचा अधिकार भूमी अभिलेख खात्याचा आहे, तुमच्या नकाशाचा नाही, हे शेतकऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

ड्रोन सध्या विकत घेऊ नका, लागेल तेव्हा भाड्याने आणा. 3 बाय 3 मीटरवर लावलेली रोपे हेक्टरी 1,100 च्या आसपास होतात, म्हणजे सेंटिनेलच्या एका चौकोनात 11 रोपे येतात आणि पहिली काही वर्षे ती उपग्रहाला दिसतच नाहीत; तेथे ड्रोन खरोखर उपयोगी पडतो. पण जगलेली रोपे मोजण्याचे हे उड्डाण वर्षातून एकदा पुरते, आणि भोवतीचे गवत वाळल्यावर, फेब्रुवारीच्या सुमारास केले तर रोपे वेगळी दिसतात. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार नोंदणी आणि उड्डाणक्षेत्राचा (परवानगीची गरज दाखवणारा) रंग आधी तपासा. अभयारण्यात वन विभागाची परवानगी लागते. जमिनीवर घरटी करणारे टिटवी, चंडोल यांच्यासारखे पक्षी विणीवर असतील, तर उड्डाण पुढे ढकला. त्या बीटाच्या वनरक्षकाला ते तुमच्याआधी ठाऊक असते.